सरकारी कार्यालयाची इमारत: सौर पॅनेलच्या आधी पश्चिमेची भिंत बघा

कार्यालयाची नवी इमारत पर्यावरणपूरक करायची म्हटलं की चर्चा गच्चीवरच्या सौर पॅनेलपासून सुरू होते. ही सुरुवात उलटी आहे. पॅनेल दहा वर्षांनीही बसवता येतात, पण पाया घातल्यावर इमारतीची दिशा आणि रुंदी बदलता येत नाही.

उष्ण प्रदेशात लांब बाजू उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे तोंड करून ठेवाव्यात. मजल्याची रुंदी 12 ते 15 मीटरच्या आत ठेवावी. खिडकीचा वरचा काठ फरशीपासून जितका उंच, त्याच्या साधारण दोन-सव्वादोन पट आतपर्यंत कामापुरता उजेड पोचतो. काठ 2.7 मीटरवर असेल तर सहा मीटर. दोन्ही बाजूंनी सहा-सहा आणि मधे जाण्यायेण्याची वाट, एवढ्यात मजला भागतो. 25 मीटर रुंद मजला काढलात तर मधल्या टेबलांवर भर दुपारीही दिवे लावावे लागतात, तेही इमारत उभी असेपर्यंत.

छज्जा अंदाजाने काढू नका. 20 अंश उत्तर अक्षांशावर मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी सूर्य माध्यान्ही क्षितिजापासून 70 अंश वर असतो. दक्षिणेची दीड मीटर उंच खिडकी पूर्ण सावलीत हवी असेल तर 1.5 ला 70 अंशाच्या टॅन्जंटने, म्हणजे 2.75 ने भागा. उत्तर येतं 55 सेंटिमीटर. हिवाळ्यातलं दुपारचं ऊनही नको असेल तर हाच छज्जा सुमारे 1.4 मीटर लागतो.

पश्चिमेला मात्र हे गणित कोसळतं. दुपारी चारनंतर सूर्य इतका खाली असतो की ऊन आडव्या छज्ज्याखालून थेट टेबलावर येतं. म्हणून जिने, लिफ्ट, स्वच्छतागृहं आणि रेकॉर्ड रूम पश्चिमेला टाका. त्यांच्या भिंतीच ऊन अडवतील. तिथे खिडकी टाळता येत नसेल तर उभ्या झडपा लावा. मेलबर्न महापालिकेच्या ‘काउन्सिल हाउस 2’ या 2006 सालच्या इमारतीत पश्चिमेला लाकडी झडपा आहेत, त्या सूर्याप्रमाणे फिरतात. मोटरवर चालणाऱ्या अशा झडपा घ्यायच्या असतील तर देखभालीचा करार मूळ निविदेतच घाला. नाहीतर एक मोटर बिघडली की त्या झडपा अर्धवट उघड्या राहतात आणि आत पडदे लागतात.

मेलबर्नच्या याच इमारतीत रात्री खिडक्या आपोआप उघडतात आणि उघडं काँक्रीटचं छत थंड होतं. दिवसा तेच छत खोलीतली उष्णता शोषून घेतं. कल्पना सुंदर आहे, पण नक्कल करताना दोन चुका हमखास होतात. एक, खाली फॉल्स सीलिंग लावून तेच काँक्रीट झाकलं जातं. दोन, खिडक्यांना जाळी आणि गज नसल्यामुळे सुरक्षारक्षक त्या संध्याकाळीच बंद करतो. शिवाय जिथे रात्रीही हवा उबदार आणि दमट राहते, तिथे हा उपाय चालतच नाही. तिथे पंखे, सावली आणि छतावरचं उष्णतारोधन यावर पैसे घाला. उष्णतारोधक थर स्लॅबच्या वर हवा, खाली नको.

विजेच्या नकाशात एक गोष्ट आवर्जून तपासा: दिव्यांची रांग खिडकीला समांतर आहे का, आणि प्रत्येक रांगेला वेगळं बटण आहे का? खिडकीजवळचा आणि आतला दिवा एकाच बटणावर असले तर आतल्या माणसासाठी खिडकीतलाही दिवा दिवसभर जळतो. वायर टाकण्याआधी हा बदल जवळजवळ फुकटात होतो. आणि खिडक्यांपुढे कपाटं येणार नाहीत, अशी फायलींची जागा नकाशातच दाखवा.

पावसाच्या पाण्याचा हिशेब सोपा आहे. 1,000 चौरस मीटर छतावर 25 मिलिमीटर पाऊस म्हणजे 25,000 लिटर. गळती-बाष्पीभवन वजा जाता 20,000 धरा. पहिल्या पावसाचं धूळ-विष्ठा मिसळलेलं पाणी वळवून द्यायची सोय हवीच, नाहीतर टाकी वर्षभर वास मारते.

सौर पॅनेलसाठी ढोबळमानाने किलोवॅटमागे 10 चौरस मीटर सावलीविरहित जागा धरा. पाण्याच्या टाक्या पॅनेलच्या उत्तरेला ठेवा आणि गच्चीवर पॅनेल धुण्यासाठी नळ काढा.

दिवे, वातानुकूलन, लिफ्ट आणि सर्व्हर यांना वेगवेगळे मीटर लावा. ताबा घेतल्यावर पहिलं वर्षभर दर महिन्याला एकदा रात्री 11 वाजता चारही मीटरचा भार नोंदवा. इमारत रिकामी असताना वातानुकूलनाचा आकडा मोठा दिसला, तर बहुधा टायमर चुकीचा लावलेला असतो.