पोरांना फडात कशाला नेता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. तुम्ही म्हणजे एक जण नाही, स्टाफरूममधले आहेत, पालक मेळाव्याला येणारे आहेत, एक्स्टर्नल परीक्षक म्हणून येणारे सर लोक आहेत आणि आता तर माझीच पास होऊन गेलेली पोरंही विचारतात. मॅडम, तुम्ही मेकॅनिकलच्या लास्ट इयरच्या पोरांना प्रोजेक्टसाठी उसाच्या फडात, गुऱ्हाळावर, डाळमिलमध्ये कशाला घेऊन जाता, बाकीचे ड्रोन करतायत, रोबोट करतायत, एआय करतायत आणि तुमची पोरं मोळ्या मोजत बसतात, यानं प्लेसमेंट होणार का?

दरवेळी कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या अर्धवट उत्तर देते, समोरच्याला पटत नाही आणि मलाही पटत नाही. एकदा सगळं लिहून काढते.

आधी एक गोष्ट. ही समाजसेवा नाहीये. "मॅडमना समाजसेवेची आवड आहे" असं कोणी कौतुकानं म्हणालं तरी मला राग येतो, कारण असं म्हणून माझा विषय बाजूला सारला जातो, शिकवणं वेगळं आणि हे मॅडमचं आवडीचं काम वेगळं. मी पॉलिटेक्निकमध्ये मशीन डिझाइन शिकवते आणि फडातही तेच शिकवते. वर्गातल्या गणितात लोड दिलेला असतो, कोन दिलेला असतो, फ्रिक्शनचा आकडा दिलेला असतो, पोरगं फक्त फॉर्म्युल्यात टाकतं. फडात काहीच दिलेलं नसतं. मोळी घेऊन गाडीत चढायची फळी ओल्या पाचटानं निसरडी झालेली असते, तिचा कोन गाडीगणिक बदलतो, मोळी बांधणाऱ्याच्या हातावर मोळीचं वजन ठरतं. तिथं आधी काय मोजायचं हेच ठरवावं लागतं, आणि इंजिनिअरिंग तिथूनच सुरू होतं असं माझं ठाम मत आहे.

आणि सामाजिक जबाबदारी म्हणाल तर ती कागदावर आहेच की. कोर्सना मान्यता देणाऱ्या एनबीएच्या डिप्लोमाच्या सात प्रोग्राम आउटकममधला, म्हणजे कोर्स संपताना पोराला काय आलं पाहिजे त्यातला, पाचवा समाज, शाश्वतता आणि पर्यावरणासाठीच्या इंजिनिअरिंगचाच आहे. कुठला विषय कुठल्या आउटकमशी किती जुळतो त्या मॅपिंगच्या तक्त्यात आम्ही त्याच्यापुढं 1, 2 किंवा 3 लिहितो, 3 म्हणजे भरपूर संबंध. कुठल्याही डिपार्टमेंटची फाइल उघडा, प्रोजेक्टच्या ओळीत बहुतेक ठिकाणी 3 दिसेल. मी एवढंच म्हणते की 3 लिहायचं असेल तर तसं काहीतरी घडलेलं असावं. कोठारी आयोगानं 1964-66 लाच कार्यानुभव आणि समाजसेवा शिक्षणाचा भाग करा म्हणून सांगितलं होतं, आणि माझ्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आम्ही क्रेप कागदाची फुलं केली. म्हणजे चांगल्या गोष्टीचं पुढं काय होतं ते मी स्वतः बघितलंय.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. आपल्या भागासाठी केवढी मोठी गोष्ट होती ती. त्यानंतर आमच्याकडं पाण्यावरचे प्रोजेक्ट वाढले आणि त्यातले बरेचसे एकच होते, टाकी भरली की मोटर आपोआप बंद. वर्कशॉपमध्ये छान चालायचं. गावात टाकी भरतच नव्हती. कुठल्याही पोरानं बोअरमध्ये किती फुटावर पाणी आहे, आपल्या खालच्या काळ्या पाषाणात पाणी साठतं तरी किती, हे विचारलं नाही. विचारायला त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं, त्यात त्यांचा काय दोष.

आयआयटी मुंबईत 1985 पासून सी-तारा हे ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचं केंद्र आहे. तिथली पोरं गावात जाऊन राहतात, पाणी मोजतात, चुलीवर काम करतात आणि त्याला एमटेकची डिग्री मिळते, सगळे मान डोलावतात. परभणीच्या कृषी विद्यापीठात बैलचलित अवजारांवर काम झालंय, त्याला संशोधन म्हणतात. आमच्या पॉलिटेक्निकच्या पोरानं मोळी मोजली की लगेच गावठी. हे का, ते एकदा मला कोणीतरी सांगा.

आता फडाचं सांगते. तुम्हाला खरं तर तेच विचारायचं असतं, मला माहितीय.

2019 मध्ये आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा विषय निघाला, विधान परिषदेत गाजला, नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हा सगळीकडं डॉक्टर, दवाखाने, पैसे यावरच चर्चा चालली होती आणि ती गरजेचीच होती. माझ्या डोक्यात मात्र एक मेकॅनिकलचा प्रश्न राहून गेला, की त्या बाईच्या अंगावर दिवसभरात लोड तरी किती पडतो.

पुढं एका बॅचला हा विषय दिला. चार पोरं होती, त्यातल्या एकाचे आईवडील कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणारे. विषय मी त्याच्यावर लादला नाही, त्यानंच निवडला, हे मुद्दाम सांगते कारण पुढं याच गोष्टीवरून मला बोलणी बसली. त्या वर्षी त्याच्या आईवडलांची टोळी लांब सांगली-कोल्हापूरकडं न जाता आपल्याच भागातल्या एका कारखान्याला होती, म्हणून जाणं जमलं.

ताणकाटा घेऊन गेलो. मोळी पस्तीस किलोच्या आसपास भरत होती, काही चाळीसच्या वर. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी आणि फळीवरून चढून माणसापेक्षा उंच भरलेल्या गाडीत. पोरांनी नायोशचं, म्हणजे कामगारांच्या आरोग्य-सुरक्षेवरच्या अमेरिकन संस्थेचं, ओझं उचलण्याचं समीकरण काढलं, 1991 साली सुधारलेलं. त्यात सगळं अगदी सोयीचं असेल तर दोन हातांनी उचलायची मर्यादा 23 किलो धरतात, आणि मग अंतर, उंची, अंग वळवणं, किती वेळा उचलता, या प्रत्येकानं ती खाली येत जाते. डोक्यावरच्या ओझ्यासाठी ते समीकरणच नाही. तो पोरगा वैतागून म्हणाला, मॅडम यात माझ्या आईचा रकानाच नाही.

मग त्यांनी साधं एनर्जीचं गणित केलं. बाई पंचेचाळीस किलोची धरा, मोळी पस्तीसची, मिळून 80. साधारण 1.8 मीटर चढायचं म्हणजे 1,400 ज्यूलच्या वर काम, दर खेपेला. आणि त्यातलं निम्म्याहून जास्त काम मोळी चढवायला नाही, स्वतःचं शरीर वर न्यायला खर्च होतं! हे त्या पोरांना स्वतःहून दिसलं. त्या संध्याकाळी त्यांचे चेहरे तुम्ही बघायला पाहिजे होते, मला विचारता ना इनोव्हेशन कशाला म्हणतात, ते हेच. कारण मग डिझाइनचा प्रश्नच बदलला. बाईला वर चढवायचंच कशाला, मोळी एकटी वर गेली पाहिजे. त्यांनी गाडीच्या फाळक्याला अडकवायची फ्रेम केली, वर कप्पी, दोर, मागं घसरू नये म्हणून रॅचेट. भंगारातून लोखंड आणलं, वेल्डिंग स्वतः केलं. वर्कशॉपमध्ये उत्तम चाललं.

फडात रात्री गाडी आली तेव्हा लावून बघितलं. चाललं तिथंही. काही मोडलं नाही, कोणाला लागलं नाही. दहा-पंधरा मोळ्या झाल्यावर एका मावशीनं दोर सोडला आणि म्हणाली, "बाई, कंबर वाचती ह्यानं, खरंय. पण गाडी कव्हा भरायची?"

पोरांनी घड्याळ लावलं. एका मोळीमागं वीसेक सेकंद जास्त लागत होते. वीस सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण दहा टनाच्या गाडीत पस्तीस किलोच्या 285 मोळ्या बसतात, म्हणजे दीड तासाच्या वर. मजुरी टनावर मिळते, तासावर नाही, ती पण आधीच घेतलेल्या उचलीत, म्हणजे आगाऊ रकमेत, वळती होणार. ड्रायव्हरला कारखान्यावर नंबर लावायचाय. मुकादमाला पुढची गाडी बोलवायचीय. सकाळी परत कोयता घ्यायचाच आहे. मग तो दीड तास कोणाच्या झोपेतून जाणार? त्याच मावशीच्या. मावश्यांनी फ्रेम बाजूला ठेवली आणि परत फळी लावली. त्यांचं बरोबर होतं. पोरगा चुंबळ घेऊन आईच्या मागं उभा राहिला, त्याच्या आईनं त्याला हातानंच मागं सारलं.

गाडी गेल्यावर त्याचे वडील आमच्याजवळ आले. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाले, "म्याडम, ह्या फडातून लेकराला भाईर काढायला आमी कोयता धरला. तुमी त्याला कामून हितंच परत आणलं?"

मी काहीतरी बोलले. प्रोजेक्ट, मार्क, शिक्षण असलं काहीतरी. ते ऐकून घेत होते, शिक्षकाला उलट बोलायचं नाही म्हणून. मग म्हणाले, पाहुण्या-रावळ्यात सांगतो की पोरगं विंजनेर होतंय, आणि आज सगळ्या टोळीनं त्याला मोळीजवळ बघितलं. येवढं बोलून कोपीकडं, त्यांच्या झोपडीकडं, निघून गेले.

हे मी आजवर कोणाला नीट सांगितलेलं नाही. तुम्ही प्लेसमेंटचं विचारता तेव्हा मला तुमचा प्रश्न ऐकूच येत नाही, त्यांचा ऐकू येतो.

दोन आठवड्यांनी व्हायवा झाली. एक्स्टर्नल म्हणाले, कप्पी तर हजारो वर्षांपासून आहे, यात नवीन काय. पोरानं शांतपणे सांगितलं, सर, मशीन चालतं पण वापरता येत नाही, कारण मजुरी टनावर आहे आणि वेळेचे पैसे बाईच्या खिशातून जातात, ही आमची फाइंडिंग आहे. सरांनी विचारलं, हे मेकॅनिकलमध्ये कुठं येतं? मार्क बेताचे पडले. मी भांडले, आणि परत वेळ आली तर परत भांडेन. वीस सेकंदांचा हिशोब लावून स्वतःचंच डिझाइन नापास करणारं पोरगं मला शॉपफ्लोअरवर पाहिजे, तुम्हाला नको?

नोकरीला लागले तेव्हाची मी असते तर या सगळ्यावर म्हणाले असते, डिझाइन अजून सुधारा, वीस सेकंद पाचवर आणा, चांगली वस्तू असली की लोक आपोआप घेतात. त्या मुलीशी माझं अजून भांडण चालू आहे. कारण तीही पूर्ण चूक नाही, पाच सेकंदांवर आलं असतं तर मावश्यांनी वापरलंही असतं कदाचित. पण टनाचा दर कोण ठरवतं, हे विचारायचं ती टाळायची, म्हणायची तो आपला विषय नाही. मला वाटतं तिथंही आपला थोडा विषय आहे. किती, ते मला सांगता येत नाही.

मग लोक म्हणतात, हार्वेस्टर आलाच आहे की, कशाला डोकं लावता. आलाय. पण त्याला सरींमधलं अंतर मोठं लागतं, सलग रान लागतं, किंमत कोटीच्या घरात. आणि जिथं तो जाईल तिथं कंबर वाचेल आणि कामही जाईल. त्या कोयत्यांनी, म्हणजे तोडणाऱ्या नवरा-बायकोंनी, मग काय करायचं, याचं उत्तर हार्वेस्टरच्या ब्रोशरमध्ये नसतं. हार्वेस्टर नको असं माझं म्हणणं नाही, बाईच्या डोक्यावर मोळी राहावी असं मी कशी म्हणेन? फक्त नवीन मशीन आलं की त्याचा हिशोब पूर्ण मांडा, एवढं मी पोरांना सांगत राहणार.

राहिलं प्लेसमेंट. तो पोरगा चाकणला लागला, एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत, क्वालिटीला. प्रोजेक्टमुळं लागला असं मी म्हणणार नाही, इंटरव्ह्यूत त्याला व्हर्नियर आणि जीडी-अँड-टी, म्हणजे ड्रॉइंगवर माप-आकाराची सूट दाखवायची पद्धत, विचारलं होतं. ड्रोन करणारी पोरंही लागली, काही राहिली. प्रोजेक्टच्या विषयानं नोकरी मिळते किंवा जाते, हे मला तरी दिसलेलं नाही, त्यामुळं त्या भीतीपोटी मी विषय बदलणार नाही.

पण एक बदल केला. ज्याच्या घरातून कोयता जातो त्या पोराला मी आता आपणहून फडाचा विषय सुचवत नाही. मग फडात जातात ती शिक्षकांची, दुकानदारांची पोरं, ज्यांना चुंबळ म्हणजे काय ते सांगावं लागतं, आणि ज्याला सगळं माहीत आहे तो अटेंडन्सचं ॲप करतो. हे तरी बरोबर आहे का? त्याला ॲप करायचा हक्क आहे, पूर्ण हक्क आहे. पण त्याच्याइतकं त्या फळीबद्दल कोणाला कळतं?

गेल्या महिन्यात त्या चाकणच्या पोराचा फोन आला होता. मी विचारलं, ज्युनिअर पोरं ती फ्रेम पुढं न्यायची म्हणतायत, तुझं ड्रॉइंग आणि रिपोर्ट देऊ का त्यांना. म्हणाला, द्या मॅडम, रॅचेटचं डायमेन्शन थोडं चुकलंय ते दुरुस्त करून पाठवतो, आणि सुरुवातीच्या आभाराच्या पानावर पप्पांचं नाव आहे ते तेवढं काढा. मी काढलं.

यंदाच्या प्रोजेक्ट मूल्यमापनात मी एक ओळ वाढवून मागितली आहे, वापरणाऱ्याचा वेळ वाचला की वाढला आणि वाढला असेल तर त्याचे पैसे कोण सोसतं, याला दहा मार्क. एचओडी म्हणतात एक्स्टर्नलना पटणार नाही, इनोव्हेशनचे मार्क कमी करून हे घालता येणार नाही. मी म्हणते हेच इनोव्हेशनमध्ये धरा. अजून सही झालेली नाही.