त्सेरोवानीतलं भांडण

जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीला गेलात तर चर्च नंतर बघा, आधी भिंती वाचा. जुन्या शहराच्या गल्ल्यांत जागोजागी युक्रेनचा निळा-पिवळा झेंडा रंगवलेला, बाजूला रशियाला उद्देशून शेलक्या शिव्या. एका खानावळीच्या मेनूकार्डावर, पदार्थांच्याही वर, छापलं होतं की आमच्या देशाचा 20 टक्के भाग रशियाने बळकावलेला आहे. सरकार मात्र या भिंतींसारखं बोलत नाही. का, ते मला गोरीच्या वाटेवर कळलं.

काझबेगीचे डोंगर सुंदर आहेत, फोटो सगळ्यांनी पाहिलेलेच असतात. अनानुरीच्या किल्ल्यावर इतकी गर्दी होती की आम्ही दोघी बहिणी गाडीतून उतरलोसुद्धा नाही. गोरीचं स्टालिन म्युझियम बघून तर मला रागच आला, इतक्या कौतुकाने मांडलंय सगळं.

त्याच दिवशी सकाळी, महामार्गाला लागून एकसारख्या बुटक्या घरांच्या रांगाच रांगा दिसल्या. ही त्सेरोवानी. ऑगस्ट 2008 च्या पाच दिवसांच्या युद्धात रशियाने दक्षिण ओसेशिया आणि त्यातलं, तोवर जॉर्जियाच्या हातात असलेलं अखलगोरीही ताब्यात घेतलं, तिथून पळून आलेल्यांसाठी बांधलेली वसाहत. आमच्या ड्रायव्हरची थोरली मेहुणी इथेच राहते. "कॉफी घेऊनच पुढे जाऊ," तो म्हणाला आणि आम्ही हो-नाही करेपर्यंत गाडी आत वळलीसुद्धा.

अंगण जेमतेम चार पावलांचं, पण त्यात द्राक्षाचा वेल मांडवावर चढवलेला. आम्ही शाकाहारी म्हटल्यावर बाईंनी लोबियानी गरम केली. राजमा भरलेली जाड रोटी, वरून लोण्याचा हात. युरोपात इतकं पोटभर आणि मायेने मला कुणी वाढलेलं नाही. त्यांचं माहेर-सासर दोन्ही अखलगोरीत, इथून फार तर तासाभराच्या वाटेवर. आईची कबर तिकडेच. 2019 मध्ये पलीकडच्यांनी ये-जा बंद केली, आता महिन्यातले ठरावीक दिवसच फाटक उघडतं, तेही कागद असलेल्यांसाठी.

मी युक्रेनचा विषय काढला आणि दोघांची जुंपली. बाईंची मुलगी इंग्रजी शिकवते, ती मध्ये बसून आम्हाला सांगत होती.

ड्रायव्हरचं म्हणणं, सरकारने बरोबर केलं. 2 मार्च 2022 ला संयुक्त राष्ट्रांत युक्रेनवरच्या हल्ल्याबद्दल रशियाच्या विरुद्ध मत दिलं ना? मग निर्बंध कशाला लादायचे? त्याचा भाऊ काखेतीत द्राक्षं पिकवतो आणि जॉर्जियन वाइनचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आजही रशियाच आहे. 2006 मध्ये रशियाने ही वाइन बंद केली, तेव्हा सात वर्षं काय हाल झाले ते त्याने पाहिलेत. "त्यांचे रणगाडे तिबिलिसीपासून तासाभरावर आहेत. 2008 ला कोण आलं होतं आम्हाला वाचवायला?"

बाई उसळल्या. म्हणाल्या, तेव्हा कुणी आलं नाही म्हणूनच आता आपण युक्रेनसाठी बोलायला हवं. 2024 च्या निवडणुकीत सत्ताधारी जॉर्जियन ड्रीम पक्षाने जागोजागी फलक लावले होते: एकीकडे युक्रेनमधल्या इमारतींचे काळेपांढरे ढिगारे, दुसरीकडे जॉर्जियाची रंगीत, नवीकोरी चित्रं, आणि शांतता निवडा असं आवाहन. "दुसऱ्याचं जळकं घर दाखवून मतं मागतात. माझं घर का नाही दाखवलं?" हे बोलताना त्यांनी टेबलावर हात असा आपटला की कॉफी बशीत सांडली.

ड्रायव्हर गप्प झाला. मला त्याची भीती खोटी वाटली नाही. पण भीती वेगळी आणि त्या भीतीवर मतं मागणं वेगळं. माझं मत बाईंच्या बाजूने आहे, आणि ते मी तिथेच सांगितलं.

तेव्हा त्यांनी विचारलं, "संयुक्त राष्ट्रांतल्या त्या मतदानात भारताने काय केलं?"

तटस्थ राहिला, मी म्हटलं. 141 देश बाजूने होते, आपण 35 तटस्थांत. रशियाचं तेल आपण किती घेतो, हेही त्यांच्या मुलीला माहीत होतं. "तुमचा देश तर केवढा मोठा," बाई म्हणाल्या. चिडून नाही, फक्त म्हणाल्या. माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. खतं, शस्त्रं, जुनी मैत्री ही कारणं मला पाठ आहेत, पण ज्या बाईला आईच्या कबरीवर फुलं वाहायला परक्या शिपायाची परवानगी लागते, तिच्यासमोर ती तोंडातून निघेनात.

शेवटच्या संध्याकाळी रुस्तावेली रस्त्यावर संसदेसमोर गेलो. नोव्हेंबर 2024 मध्ये सरकारने युरोपीय संघातल्या प्रवेशाची बोलणी 2028 पर्यंत लांबणीवर टाकली, तेव्हापासून लोक रोज रात्री इथे जमत होते. रस्ता अडवला तर तेव्हा 5000 लारी दंड होता, आपले दीड लाखांच्या आसपास. तरी जॉर्जियाच्या पाच क्रॉसच्या झेंड्याशेजारी युक्रेनचा झेंडा होताच. परदेशी पाहुण्यांनी तिकडे फिरकू नये, असं आम्हाला मुक्कामाच्या ठिकाणी बजावलं होतं. आम्ही पार शेवटपर्यंत फुटपाथवर उभ्या राहिलो.