मावशीबरोबर जेरुसलेमच्या बाजारात कोशर जेवण

जेरुसलेममध्ये शाकाहारी पाहुण्यांना जेवायला न्यायचं असेल तर आधी एकच गोष्ट ठरवा: कोशर (ज्यू आहारनियम पाळणारं) रेस्टॉरंट हलावी हवं की बसारी, म्हणजे दुधाचं की मांसाचं. पुढचं सगळं, अगदी शेवटी दुधाची कॉफी मिळणार की नाही हेसुद्धा, त्यावर ठरतं. माझी अलिबागची मावशी इस्रायलमधल्या रेहोवोतला आमच्याकडे राहायला आली होती. तिला जेरुसलेम दाखवायला नेलं तेव्हा दुपारी माहाने येहुदा बाजारात जेवलो. मावशी अंडंसुद्धा खात नाही. अशा आईवडिलांना, सासूसासऱ्यांना घेऊन येणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

रेहोवोतहून रेल्वेने निघून तेल अवीवला हागाना स्टेशनवर गाडी बदलायची आणि जेरुसलेमच्या नावोन स्टेशनवर उतरायचं. हे स्टेशन जमिनीखाली सुमारे 80 मीटर आहे. सरकते जिने लांबलचक आहेत, ज्येष्ठांना सरळ लिफ्टने वर आणा. वरून लाइट रेल मिळते, पण याफो रस्त्याने चालत गेलं तरी बाजार फार लांब नाही. आम्ही रमतगमत चालतच गेलो.

कोशर स्वयंपाकघरात मांस आणि दूध एकत्र येत नाही. एका पदार्थात तर नाहीच, पण भांडी, सुऱ्या, ताटंही वेगळी लागतात. म्हणून बहुतेक रेस्टॉरंट एकच बाजू धरतात. हलावी ठिकाणी मांस आत येतच नाही. ज्या तव्यावर आपली पोळी भाजली त्यावर आधी चिकन परतलं असेल का, ही मावशीची परदेशातली कायमची धास्ती इथे उरली नाही. दाराजवळ किंवा गल्ल्यापाशी रब्बीनेटचं (ज्यू धर्मगुरूंच्या मंडळाचं) प्रमाणपत्र लावलेलं असतं. हिब्रू येत नसेल तर ‘हलावी?’ एवढं विचारलं तरी पुरतं.

मात्र हलावी म्हणजे आपलं शुद्ध शाकाहारी नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा. मासे आणि अंडी दोन्ही बाजूंना चालतात. सॅलडवर ट्यूना घालून आणतात, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही, कारण त्यांच्या हिशेबात मासा म्हणजे मांस नाही. ‘ब्ली दाग’ (मासा नको) आणि ‘ब्ली बेइत्सा’ (अंडं नको) हे दोन शब्दप्रयोग पाठ करून जा. गोडात जिलेटिन असेल तर तेही विचारा, कोशर जिलेटिन माशाचंही असतं.

आम्ही जॉर्जियन पद्धतीचं एक छोटं हलावी ठिकाण निवडलं. तिथली खाचापुरी, म्हणजे चीज भरलेला पाव, होडीच्या आकाराची येते. कडा फुगलेल्या, खरपूस, आणि मधल्या खळग्यात वितळलेलं चीज बुडबुडत असतं. वर कच्चं अंडं फोडून देतात, ते आम्ही आधीच नको म्हणून सांगितलं. कडेचा तुकडा मोडायचा, चीजमध्ये बुडवायचा आणि गरम असतानाच खायचा. थंड झालं की चीज चामट होतं, त्यामुळे फोटो नंतर काढा. सोबत बारीक चिरलेल्या काकडी-टोमॅटोचं सॅलड, ऑलिव्ह, लबने (घट्ट दह्याचा पदार्थ). एक खाचापुरी आणि हे सोबतचे पदार्थ दोघींना भरपूर झाले.

कोथिंबीर-पार्सलीसारख्या पालेभाज्या इथे किड्यांसाठी फार बारकाईने पाहतात, कारण किडा पोटात जाणं त्यांना निषिद्ध आहे. तांदूळ-डाळीही तशाच निवडतात. हे ऐकल्यावर मावशीचं जेवणात मनच लागलं. सूप, वेटरचे कपडे, शेजारच्या टेबलावरचे पदार्थ, सगळ्याची चौकशी सुरू झाली.

कोपऱ्यात बेसिनशेजारी दोन कानांचा एक पितळी तांब्या होता. भाकरी-पाव खाण्याआधी धार्मिक ज्यू त्याने दोन्ही हातांवर आळीपाळीने पाणी ओततात, आशीर्वचन म्हणतात आणि पावाचा पहिला घास घेईपर्यंत बोलत नाहीत. त्या वेळात त्यांना ‘ही खुर्ची घेऊ का’ असं विचारू नका, थोडं थांबा. बाहेरचं खाणंही आत उघडायचं नाही. आपल्या पिशवीत डबा असतोच, पण त्यांच्या टेबलावर तो निघाला तर त्यांच्या कोशरपणाला बाध येतो. मावशीचे मेथीचे पराठे आम्ही परतीच्या प्रवासासाठी ठेवले.

मावशी लहानपणी अलिबागच्या इस्रायल आळीजवळ राहायची. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ‘शनवार तेल्यां’बद्दल, म्हणजे कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंबद्दल, तिने आजीकडून ऐकलेलं. मांसात दही-दूध चालत नाही, मग आपल्याकडच्या बेने इस्रायलींचं मटण कसं, हा तिचा प्रश्न रास्त होता. याचं उत्तर कोकणातच आहे: नारळाचं दूध. ते दुग्धजन्य नसल्याने मटणात बिनदिक्कत चालतं. रोश हशानाचा (ज्यू नववर्षाचा) त्यांचा गव्हाच्या चिकाचा हलवाही नारळाच्या दुधातच होतो, म्हणून तो मटणाच्या जेवणानंतरही खाता येतो. मला हे फार सुंदर वाटतं, की एवढा कडक नियम कोकणातल्या घराघरात असलेल्या नारळाने इतका सहज पाळला गेला.

वार नीट निवडा. शुक्रवारी दुपारनंतर बाजार मिटत जातो आणि कोशर रेस्टॉरंट शनिवारी रात्रीपर्यंत बंद राहतात. त्या काळात जेरुसलेमची रेल्वेही नसते. गुरुवारी शब्बाथच्या (शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाच्या) खरेदीची तोबा गर्दी असते, गुडघेदुखीवाल्यांना नेऊ नका. वल्हांडणाच्या सणात, म्हणजे पेसाखमध्ये, पाव आणि खाचापुरी मिळणार नाही. बिलात सहसा सेवाशुल्क नसतं, 10 ते 12 टक्के टिप देण्याची पद्धत आहे.

सोबत मांसाहारी मंडळी असतील तर बाजारातल्या इराकी पद्धतीच्या बसारी खानावळीत जा. रव्याच्या गोळ्यात खिमा भरलेला कुब्बे आंबट रश्श्यात पोहत येतो. तिथे शाकाहाऱ्यांना हम्मस, ताहिनी (तिळाची पेस्ट), सॅलड पुरेसं मिळतं. पण भाजीचा दिसणारा रस्सा मांसाच्या पाण्यात शिजलेला असू शकतो, तेव्हा मागवण्याआधी विचारा. दूध घातलेली कॉफी तिथे मागू नका. ती बाहेर पडून दुसऱ्या गल्लीत प्या.