आमची वाटचाल: असईच्या तोफा अर्ध्या इंचात

ऑर्डरप्रमाणे वॉरगेमचे (पटावर खेळायच्या लढाईच्या खेळाचे) काउंटर, म्हणजे सैन्याच्या तुकड्या दाखवणाऱ्या पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या, करून देण्याचा आमचा छोटा उद्योग छपाईपासून सुरू झाला. ग्राहकाने यादी द्यायची, आम्ही छापून, कापून द्यायचं. तोफखान्याची कामं येऊ लागल्यावर संशोधनही आमच्याकडे आलं. ‘तोफा ४’ एवढ्यावर काउंटर होत नाही. तोफ कोणत्या पलटणीची, ओढणारे बैल किती आणि गोलंदाज (तोफ डागणारे) कसे, हे कळलं तरच त्यावर आकडे छापता येतात.

जालना जिल्ह्यातल्या असईची लढाई (२३ सप्टेंबर १८०३) घ्या. शिंद्यांच्या ९८ तोफा इंग्रज सेनापती वेलस्लीच्या हाती लागल्या, हा आकडा सगळीकडे सापडतो. पण ती झाली जप्तीची मोजदाद. ९८ ला पलटणींनी भागून काउंटर काढणं चूक. द बॉइन या शिंद्यांच्या युरोपीय सेनानीने घडवलेल्या कंपूंत (कवायती पलटणींच्या गटांत) तोफा पलटणींना जोडलेल्या असत. म्हणून आम्ही आधी शिंद्यांचे युरोपीय अधिकारी पोहलमन आणि दुपाँ यांचे कंपू आणि सरधन्याच्या बेगम समरूची पलटणं वेगळी मांडतो, मग हलक्या तोफा त्यांच्याकडे देतो. जड तोफांचे काउंटर स्वतंत्र.

वेलस्ली कैलना नदी ओलांडून आला तेव्हा पोहलमनने सगळी फळी काटकोनात फिरवली. एवढी हालचाल जमणाऱ्या तोफखान्याला चाल शून्य देणं अन्याय आहे. उलट इंग्रजांचे तोफांचे बैल माऱ्यात पडले आणि तोफा मागे सोडून पायदळाला पुढे जावं लागलं. त्यांच्या काउंटरची मागची बाजू ‘बैल गेले, चाल ०’ अशी हवीच. शिंद्यांचे काही गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले आणि शत्रू पुढे सरकताच त्यांनी पाठीमागून मारा केला. त्यामुळे तोफ ताब्यात आली की काउंटर लगेच उचलू नये. तो पटावर उलटा राहतो आणि शेजारच्या हेक्समध्ये (पटावरच्या षटकोनी घरात) शत्रू उरला नाही तर परत सुलटा होतो. या गोलंदाजांना आम्ही मनोबलाचा सर्वांत वरचा आकडा देतो. तो त्यांनी कमावलेला आहे.

हेक्स १५० यार्डांचा धरला तर सहा पौंडी तोफेला गोळ्यासाठी ५ आणि छर्ऱ्यासाठी २ हेक्सचा पल्ला पुरतो.

काउंटर १२.७ मिमीचा, ग्रेबोर्ड (करडा जाड पुठ्ठा) २ मिमीचा, चारी बाजूंना ब्लीड (कापण्याच्या रेषेबाहेरची जादा छपाई) १.५ मिमी. आकडे ७ पॉइंटच्या खाली नेले तर पटावर वाचता येत नाहीत. मागच्या पानावर स्तंभांचा क्रम उलटा लावायचा, नाहीतर पोहलमनच्या तोफेच्या पाठीवर इंग्रजांची तोफ येते. दोन बाजूंत अर्धा मिमी फरक पडला तरी इतक्या लहान चौकोनात तो लगेच दिसतो, म्हणून चारही कोपऱ्यांत टाचणी आरपार घालून खुणा जुळवतो. कागद एकाच बाजूला चिकटवून ठेवला तर बोर्ड वाकतो. पाण्याच्या गोंदाने तर जास्तच. दोन्ही बाजूंना स्टिकर कागद लागोपाठ लावून शीट रात्रभर वजनाखाली ठेवतो. कापताना पातं एका दमात दाबलं तर खालची कड फाटते, त्यामुळे तीन-चार हलके हात मारतो आणि कोपरे २ मिमी गोल करतो. पाकिटात प्रत्येक पलटणीमागे एक कोरा काउंटर जादा देतो.