न बांधलेल्या पाळण्याचे तिकीट

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पाच जण, म्हणजे आई, पत्नी, दोन मुले आणि मी, पहाटे नाशिकहून निघून एका मोठ्या थीम पार्कला गेलो. त्या पार्कचे नाव मी येथे घेत नाही, आणि पुढे ज्या पार्कांची नावे येतील त्यांपैकी ते कोणतेही नाही. तीन वर्षांपूर्वी आम्ही तेथेच गेलो होतो. त्या वेळेच्या मानाने मोठ्यांच्या तिकिटाचा दर जवळजवळ एक तृतीयांशाने वाढलेला दिसला. खिडकीवरच्या मुलाला मी वाढीचे कारण विचारले, तेव्हा त्याने अगदी नम्रपणे उजवीकडे हात केला. तिकडे निळ्या पत्र्यांचे उंच कुंपण होते, त्यावर एका भल्यामोठ्या रोलर कोस्टरचे चित्र होते आणि चित्राखाली ‘लवकरच’ एवढाच शब्द होता. "सर, एक्स्पान्शन चालू आहे ना," तो म्हणाला.

त्या उत्तराचा विचार मी त्यानंतर अनेक दिवस करत राहिलो, कारण ऐकताना ते पटण्यासारखे वाटले होते. मोठे पार्क होणार, नवे पाळणे येणार, म्हणजे खर्च वाढणार आणि खर्च वाढला की दर वाढणार, हे सरळ गणित आहे असे कोणालाही वाटेल. परंतु मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या लेखा विभागात अठरा वर्षे काम करतो आहे आणि हे गणित सरळ नाही, हे मला माझ्या रोजच्या कामातूनच ठाऊक आहे.

आधी त्या दिवसाविषयी थोडे सांगतो. तिकीट वयावर नव्हते, उंचीवर होते. खिडकीशेजारी लाकडी जिराफ उभा केलेला होता आणि त्याच्या मानेवर लाल रेघ होती. माझी मुलगी त्याला पाठ लावून ताठ उभी राहिली आणि रेघेच्या दोन बोटे वर गेली. आपण आता ‘मोठ्यांत’ गेलो याचा तिला इतका आनंद झाला की पूर्ण तिकिटाचे पैसे देताना मी काही बोललो नाही. आईचेही पूर्ण तिकीट पडले. आई दिवसभरात फक्त छोट्या आगगाडीत एकदा बसली आणि उरलेला वेळ कडुनिंबाखालच्या बाकावर आमच्या पिशव्या सांभाळत होती. नवरात्रात नाशिकच्या कालिका देवीच्या यात्रेत हीच आई आकाशपाळण्याखाली उभी राहते, नातवंडे वर गेली की खालून हात हलवते, आणि तेथे उभे राहण्याचे तिच्याकडून कोणी काही घेत नाही; जो पाळण्यात बसेल त्याने पैसे द्यावेत, हा जत्रेचा जुना आणि स्वच्छ हिशेब आहे. कॅलिफोर्नियात १९५५ साली डिस्नेलँड सुरू झाले तेव्हा तेथेही मोठ्या माणसाला प्रवेश एक डॉलर होता आणि प्रत्येक राईडचे पैसे वेगळे द्यावे लागत. ही पद्धत तेथे १९८२ पर्यंत टिकली. आता सगळीकडे एकच तिकीट असते. त्यात सोय आहे हे मान्य. पण त्यामुळे बाकावर बसलेल्या आजीकडूनही सर्वांत महागड्या रोलर कोस्टरचा वाटा वसूल होतो, आणि पार्क पुढे जे बांधायचे ठरवील त्याचाही.

आत गेल्यावर दोन मोठ्या राईड बंद असल्याचे कळले. ‘देखभालीसाठी बंद’ ही पाटी रांगेच्या तोंडाशी होती. तिकिटाच्या खिडकीवर ती नव्हती. बंद असलेल्या दोन राईडची गर्दी उरलेल्यांवर आली आणि एका पाळण्यासाठी आम्ही एक तास दहा मिनिटे रांगेत उभे राहिलो. ती रांग त्या निळ्या कुंपणाला लागूनच जात होती. दोन पत्र्यांच्या फटीतून माझा मुलगा आत डोकावला आणि मग मीही पाहिले. पायाचे चौकोनी खड्डे खोदलेले होते, त्यांत पाणी साचले होते, खड्ड्यांतून वर आलेल्या सळ्यांवर तांबूस गंज चढला होता आणि एका कोपऱ्यात काँक्रीट कालवण्याचे यंत्र ताडपत्री पांघरून उभे होते. आत एकही माणूस दिसला नाही. कामाला सुट्टी असेल किंवा काम थांबले असेल. मला त्यावर आरोप करायचा नाही. त्या खड्ड्यांसाठी आपण आज पाच तिकिटांवर जादा पैसे दिले, एवढेच तेव्हा मनात आले.

आता हिशेबाकडे येतो. आमच्या कारखान्यात नवी शेड बांधायला घेतली की तिच्यावरचा खर्च त्या वर्षीच्या नफा-तोटा पत्रकात जात नाही. तो ताळेबंदात ‘प्रगतिपथावरील भांडवली काम’ या शीर्षकाखाली जमा होत राहतो. सिमेंट, पोलाद, ठेकेदाराचे बिल, इतकेच काय, बांधकाम पूर्ण होईपर्यंत त्यासाठी काढलेल्या कर्जावरचे व्याजसुद्धा सामान्यतः त्याच मालमत्तेच्या किमतीत मिळवले जाते. घसारा, म्हणजे मालमत्तेची किंमत थोडी थोडी करून वर्षावर्षाच्या खर्चात टाकणे, सुरू होतो तो ती मालमत्ता वापरण्याजोगी झाल्यावर, आधी नाही. यामागचा विचार साधा आहे: ज्या वर्षी मालमत्ता कामाला येईल त्या वर्षीच्या उत्पन्नावर तिचा भार पडावा. म्हणजे पार्कच्या स्वतःच्या वह्यादेखील न उभारलेल्या रोलर कोस्टरचा खर्च आजच्या उत्पन्नावर टाकत नाहीत. मग तो आजच्या ग्राहकावर कोणत्या न्यायाने टाकायचा? ‘एक्स्पान्शन चालू आहे’ हे उत्तर लेखापालाच्या कानाला यामुळेच खटकते. पैसे लागत आहेत हे खरे, पण खर्च होणे आणि भांडवल गुंतवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भांडवल गुंतवणाऱ्याला त्याच्या बदल्यात काहीतरी मिळावे लागते. भागधारकाला हिस्सा मिळतो, बँकेला व्याज मिळते. मला तिकिटाचा अर्धा फाटलेला तुकडा मिळाला.

नाशिककरांना हाच हिशेब समृद्धी महामार्गावरून लगेच समजेल. शिर्डी ते भरवीर हा टप्पा २६ मे २०२३ रोजी सुरू झाला, भरवीर ते इगतपुरी ४ मार्च २०२४ रोजी, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. मधल्या दोन वर्षांत आम्ही शिर्डीहून येताना भरवीरला किंवा पुढे इगतपुरीला उतरत होतो, तेव्हा पलीकडे डोंगरात सुमारे आठ किलोमीटरचा जुळा बोगदा आकाराला येत होता. त्यावर प्रचंड खर्च होत होता, तरी आमच्याकडून पथकर घेतला गेला तो आम्ही जेवढे अंतर कापले तेवढ्याचाच. बोगदा खुला झाला, आम्ही त्यातून गेलो आणि मग त्याचे पैसे दिले. कसारा घाटात ट्रकच्या मागे तासभर अडकलेल्या कोणालाही ते पैसे जड वाटले असतील असे मला वाटत नाही. सार्वजनिक रस्त्याला जो नियम लागतो तो खाजगी करमणुकीला कायद्याने लागत नाही, हे मला समजते; पार्कला आपला दर ठरवण्याचा अधिकार आहे आणि मला न जाण्याचा. मी अधिकाराविषयी बोलत नाही, पुढे केलेल्या कारणाविषयी बोलतो आहे.

पार्क चालवणाऱ्याची बाजू मात्र मी हलकी लेखणार नाही. करमणुकीची जागा जशी आहे तशी ठेवली तर ती काही वर्षांत म्हातारी होते. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी थीम पार्क पहिल्यांदा पाहिले ते शाळेच्या सहलीत, गोराईच्या एस्सेलवर्ल्डला. १९८९ मध्ये सुरू झालेले ते पार्क २०२२ मध्ये बंद झाले, तेव्हा मला मनापासून वाईट वाटले. नव्या राईड आल्या नाहीत तर मुले एकदा येतात आणि पुन्हा येत नाहीत, आणि पुन्हा येणाऱ्या माणसाशिवाय हा धंदा टिकत नाही. वाढ हवीच. प्रश्न एवढाच की वाढीचे पैसे कोणी आणि केव्हा द्यायचे.

त्याची उत्तरे आपल्याच देशात आहेत. कोचीहून सुरुवात केलेल्या वंडरलाने २०१४ मध्ये आपले शेअर १२५ रुपयांना लोकांना विकून सुमारे १८१ कोटी रुपये उभे केले ते मुख्यतः हैदराबादच्या पार्कसाठी, आणि ते पार्क २०१६ मध्ये सुरू झाले. पुढच्या विस्तारासाठी २०२४ च्या डिसेंबरात त्यांनी संस्थात्मक गुंतवणूकदारांकडून सुमारे ५४० कोटी रुपये घेतले. चेन्नईचे पार्क २०२५ च्या डिसेंबरात खुले झाले. ज्यांनी पैसे घातले त्यांना हिस्सा मिळाला आणि जोखीमही त्यांचीच राहिली. जोखीम किती खरी असते हे खोपोलीच्या इमॅजिकाने दाखवले आहे. मुख्यतः कर्जावर उभे राहिलेले ते पार्क २०१३ मध्ये मोठ्या थाटात सुरू झाले, पण ते कर्ज उत्पन्नातून फिटले नाही. अखेर बँकांना येण्यातला मोठा भाग सोडावा लागला आणि २०२२ मध्ये पार्कचे नियंत्रण आपल्या शेजारच्या संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले. विस्तार फसू शकतो. तो फसला तर बँकेला निदान तडजोडीच्या टेबलावर खुर्ची मिळते; आगाऊ जादा दर दिलेल्या पर्यटकाला तेथे कोणी बोलावत नाही.

दरवाढीची काही कारणे मला पूर्णपणे मान्य आहेत. इमॅजिकाच्या नायट्रोसारखा रोलर कोस्टर स्विस कंपनीने बनवलेला असतो. तशा यंत्रांचे सुटे भाग परकीय चलनात येतात आणि रुपया घसरला की त्यांची किंमत वाढते. सकाळी दरवाजे उघडण्याआधी प्रत्येक राईड रिकामी फिरवून पाहावी लागते, पट्टे आणि कुलपे तपासावी लागतात, पाण्याच्या तळ्यांवर जीवरक्षक उभे करावे लागतात आणि पाणी सतत गाळावे लागते. पावसाळ्यात गर्दी ओसरली तरी ही माणसे पगारावर असतात. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या गेम झोनला आग लागून मुलांसह २७ जणांचे प्राण गेले. त्या दिवशी तेथे ९९ रुपयांत प्रवेश होता आणि जागेला अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखलाही नव्हता. त्या बातमीनंतर स्वस्त तिकिटाचा आग्रह मी कायमचा सोडून दिला. माझ्या मुलांच्या छातीवरचा पट्टा नीट बसतो की नाही हे पाहणाऱ्या माणसाचा पगार वाढला म्हणून तिकीट वाढले, असे त्या खिडकीवर मला कोणी सांगितले असते तर मी पाचही तिकिटे समाधानाने घेतली असती.

डिस्नेचा दाखला या चर्चेत अनेक जण देतात, म्हणून त्याविषयी थोडक्यात. त्या कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये दहा वर्षांत पार्क आणि जहाजांवर सुमारे ६० अब्ज डॉलर गुंतवण्याचे जाहीर केले, आणि पुढच्याच वर्षी डिस्नेलँडचे सर्वांत गर्दीच्या दिवसांचे तिकीट २०० डॉलरच्या वर गेले. मात्र सर्वांत कमी गर्दीच्या दिवसांचे १०४ डॉलरचे तिकीट त्यांनी २०१९ पासून तेवढेच ठेवले होते. म्हणजे तेथील दर मुख्यतः गर्दी वाटून देण्यासाठी वर-खाली होतात. हे कारण मला विस्ताराच्या कारणापेक्षा अधिक प्रामाणिक वाटते. मंगळवारी जाऊ शकणाऱ्याला स्वस्त आणि रविवारी जाणाऱ्याला महाग, यात दोघांनाही आपण काय विकत घेतो हे माहीत असते.

परत आल्यावर मी त्या पार्कच्या व्यवस्थापनाला पत्र लिहिले. त्यात दोन विनंत्या होत्या. त्या दिवशी बंद असलेल्या राईडची यादी पैसे घेण्यापूर्वी, तिकिटाच्या खिडकीवर आणि ऑनलाइन खरेदीच्या पानावर लावावी, ही पहिली. दुसरी अशी की विस्ताराच्या नावाने दर वाढवायचाच असेल तर वाढीचा तेवढा भाग तिकिटावर वेगळा छापावा आणि नवी राईड सुरू झाल्यावर ते तिकीट दाखवणाऱ्याला तेवढी सूट द्यावी. बांधकाम रखडले तर त्या तिकिटांचा बोजा पार्कवर राहील, आणि कुंपणावर ‘लवकरच’ लिहिण्याऐवजी तारीख लिहावीशी वाटेल. बुडालेल्या कामाचे पैसे परत मागण्याइतका मोठा हक्क मी सांगितलेला नाही. दिलेल्या पैशाची आठवण ठेवा, एवढेच म्हटले आहे.

महिन्याभराने उत्तर आले. पहिली विनंती त्यांनी मान्य केली आहे, आणि परवा मी त्यांचे पान उघडून पाहिले तेव्हा बंद असलेल्या एका राईडचे नाव खरोखरच दराच्या वर लिहिलेले होते. याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. दुसरीविषयी ‘विचाराधीन आहे’ असे लिहिले आहे. आमची पाचही तिकिटे मी घरखर्चाच्या वहीत पिन लावून ठेवली आहेत. मुलीने त्यांतल्या आपल्या तिकिटावर पेन्सिलने रोलर कोस्टर काढला आहे. तो सुरू होईल तेव्हा पहिल्या डब्यात बसायचे असे तिने ठरवले आहे, आणि त्या दिवशी जो दर असेल तो मी देणार आहे.