जावातल्या ओसरीवर वारसनोंद

बोरोबुदुरचा बौद्ध स्तूप आणि प्रंबाननची हिंदू मंदिरं मी एकाच दिवसात उरकली. दोन्ही थोर आहेत, दोन्हीकडे ऊन मरणाचं आहे आणि त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते इंडोनेशियातल्या जावा बेटावर, योग्याकार्ता शहराच्या आग्नेयेला, गुनुंगकिदुल जिल्ह्यातल्या एका ओसरीबद्दल.

सिंगापूरला माझ्यासोबत काम केलेल्या मित्राचं ते आजोळ. त्याची आजी जाऊन हजार दिवस होत होते. जावात माणूस गेल्यावर तिसऱ्या, सातव्या, चाळिसाव्या, शंभराव्या दिवशी, मग वर्षाने, दोन वर्षांनी आणि शेवटी हजाराव्या दिवशी जेवण घालतात. या शेवटच्याला 'न्येवू' म्हणतात. पांगलेली भावंडं त्या निमित्ताने घरी येतात. "तूही ये," मित्र म्हणाला, आणि मी खरंच गेलो. त्याला बहुतेक मी नाही म्हणेन असं वाटलं होतं.

जावा म्हटलं की लोक हिरव्यागार भातखाचरांचे फोटो दाखवतात. इथे ऑगस्टमध्ये चुनखडीचा उघडा माळ होता, पानं गळालेले साग होते, आणि एका वळणावर पाण्याचा टँकर उभा. माझं गाव माण तालुक्यातलं. परदेशात टँकर बघून घरी आल्यासारखं वाटलं.

गावाच्या कमानीवर पाटी होती: पाहुण्याने चोवीस तासांत वर्दी द्यावी. म्हणून आधी 'पाक एरते'कडे, म्हणजे वाडीच्या प्रमुखाकडे. हा माणूस डोक्यावर गवताचा भारा घेऊन समोरूनच आला, भारा उतरवला, माझ्या पासपोर्टचा मोबाइलवर फोटो काढला आणि आंघोळ झाली का विचारलं. आंघोळीची चौकशी तिथे सगळेच करतात. आधी मला अपमान वाटला, मग कळलं की आपल्याकडे 'जेवलात का' तसं ते आहे.

आदरातिथ्याबद्दल माझी तक्रार एवढीच की ते एक मिनिट थांबत नाही. चहा पाकासारखा गोड, झाकण घातलेल्या ग्लासातून, दर घरी. पहाटे साडेचारला भोंगा, त्याआधी कोंबडे. तळलेला टोळ मी एकच खाल्ला, कुरकुरीत होता, दुसरा घेतला नाही. मोरीत मात्र हौद आणि प्लास्टिकचं टमरेल बघून जीव सुखावला.

रात्री कंदुरी झाली. पुरुष चटईवर मांडी घालून, बायका मागे चुलीपाशी. मौलवींनी दुआ म्हटली आणि प्रत्येकाला जेवणाचा डबा घरी न्यायला मिळाला. हे सगळं तासाभरात संपलं. खरा कार्यक्रम दुसऱ्या सकाळी होता, आणि त्याची मला कुणी कल्पना दिली नव्हती.

नऊच्या सुमारास खाकी गणवेशातले 'चारिक' आले, गावाचे चिटणीस. ओसरीवर चटई, त्यावर कागद. आजीच्या नावची जमीन अजून 'लेटर सी'वरच होती. हा गावच्या जुन्या शेतसारा-वहीतला उतारा. मालकीचा पक्का पुरावा नव्हे, पण सगळे त्याच्यावरच चालतात. आपला सातबारा तरी दुसरं काय आहे?

चारिक वाचू लागले. मला जावानीज येत नाही, इंडोनेशियनही फारशी नाही. पण कानावर काय पडावं? हाक. मिलिक. वारिस. साक्सी. हक्क, मालकी, वारस, साक्षी! अरबी आणि संस्कृत शब्द समुद्र ओलांडून या माळावर येऊन बसलेले, आणि तेही नेमके तलाठी कार्यालयातले. मी मित्राच्या कानात कुजबुजलो, "मला सगळं कळतंय." तेवढ्यात चारिक म्हणाले 'वाकिल', आणि पांढऱ्या शर्टातला एक पोरगा पुढे सरकला. माझ्या पोटात गोळा आला. झालं, वकील आणला, आता कोर्ट! मित्र हसून लोळायचा बाकी राहिला. वाकिल म्हणजे तिथे नुसता प्रतिनिधी. धाकटे मामा मलेशियात कामाला होते, त्यांनी मुलाला कुलमुखत्यार करून पाठवलं होतं.

वाटणीचे दोन रिवाज. एक, सगळ्यांना सारखं. दुसरा, 'सपिकुल सगेंदोंगान': मुलाला कावडभर, मुलीला पाठीवरच्या झोळीभर, म्हणजे दोनास एक. चारिकांनी विचारलं, कसं लिहू? थोरले मामा त्याच घरात राहणारे, आईला त्यांनीच सांभाळलेलं. ते काही बोलेनात. कुणीच बोलेना. मागे गोठ्यात बकरी शिंगं घासत होती तेवढाच आवाज. मी हातातल्या ग्लासाचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

"सारखं," मामा म्हणाले.

मग धाकटी मावशी बोलली. ती लग्नानंतर नवऱ्यासोबत सुमात्रात, लांपुंगला गेलेली. जावातली हजारो कुटुंबं सरकारने तिकडे वसवली, त्यांतलंच तिचं सासर. फेरीबोटीने जावातल्या मराक बंदराला, मग बस असा प्रवास करून ती आली होती. ती म्हणाली, जमीन मला नको, मी तिथून कसणार कशी? तसाही 1961 चा एक नियम आहे की शेतजमिनीच्या मालकाने त्याच तालुक्यात राहायला हवं. पाळला किती जातो ते विचारू नका. (पुण्यात बसून माणमधल्या सातबाऱ्यावर नाव मिरवणाऱ्या मला तो नियम ऐकताना घाम फुटला.) तिला हवी होती बांधाकडची सहा सागवानं. फक्त झाडं. या भागात साग ही बँक असते. 'तबांग बुतुह' म्हणतात, गरज पडली की तोड.

चारिक म्हणाले, झाडांसाठी नमुन्यात रकानाच नाही. मावशी म्हणाली, मग खाली हाताने लिहा. त्यांनी चश्मा पुसला आणि लिहिलं. दहा हजार रुपियाचं तिकीट चिकटवलं, मावशीने त्यावर अर्धी चढेल अशी सावकाश सही केली. दोन शेजारी साक्सी. हौसेने मीही हात वर केला होता, पण परक्याची साक्ष चालत नाही.

दुपारी ती झाडांकडे गेली, मी मागोमाग. खांद्यावरचा सलेंदांग, म्हणजे लांब ओढणीसारखं कापड, काढून तिने एकेका बुंध्याला गुंडाळला आणि टोक जिथे आलं तिथे नखाने खूण धरून ठेवली. मग चुन्याने सहाही झाडांवर पट्टा ओढला. सातवं झाड अगदी खेटून होतं, त्याच्याकडे तिने बघितलंही नाही.

मध्यंतरी एका शेजाऱ्याने मलाही जमीन देऊ केली, स्वस्तात. दोन रात्री मी चक्क स्वप्नं बघितली. 1960 च्या कायद्याने परदेशी माणसाला पूर्ण मालकी मिळत नाही, कुणा स्थानिकाच्या नावावर घेण्याचे उद्योग बेकायदा आहेत आणि अंगाशी येतात. आपल्याकडेही शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, तेव्हा कुरकुरायला जागा नव्हती.

तसं, मला दुसरी जमीन हवीय कशाला? असलेल्या जमिनीवर चौदा नावं आहेत. काका गेल्याला चार वर्षं झाली, वारसनोंद माझ्या जबाबासाठी अडलीय. विहिरीतला आमचा हिस्सा कमी लिहिलाय म्हणून मी जात नाही. खरं म्हणजे त्या विहिरीला गेल्या तीन उन्हाळ्यांत पाणीच नाही. चुलतभावाचा फोन आला की मी मीटिंगमध्ये असतो.

विमानतळावर बसून त्याला त्या सहा झाडांचा फोटो पाठवला, सोबत सगळी हकिगत, लांबलचक. निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर मात्र विमानात चढताना आलं.

"झाडं झकास आहेत. सहीला कधी येतोस?"