50 लिटरचा खोका, 28 लिटरची हवा

एका हॅचबॅकच्या डिकीतला 12 इंची सबवूफर, म्हणजे फक्त खालचा बेस वाजवणारा खोक्यातला स्पीकर, माझ्याकडे आला तो ‘वूफर फाटलाय’ या तक्रारीसह. एका ठरावीक सुरावर खोका नुसता घुमायचा, आणि त्याहून खालचा बेस आला की आतून ठकठक. कोन, म्हणजे स्पीकरचा पुढचा हलणारा पडदा, बोटांनी सरळ दाबून पाहिला; त्याच्या मागची तारेची कॉइल कुठेच घासत नव्हती. वूफर धडधाकट होता. म्हणजे पाहायचा तो खोका.

सोबतच्या खोक्याच्या आराखड्यावर आतली हवा 50 लिटर, पोर्ट (खोक्यातली हवा बाहेर उघडणारा बोगदा) 35 बाय 5 सेंमी, लांबी 80 सेंमी, ट्यूनिंग (ज्या सुरावर पोर्टमधली हवा सर्वात जोरात घुमते तो) 34 हर्ट्झ. हे गणित बरोबर आहे. प्रत्यक्षात काय झालंय हे पाहायला वूफरच्या सिरीजमध्ये 100 ओहमचा 10 वॉटचा रेझिस्टर लावला, अ‍ॅम्प अगदी हळू ठेवला आणि 20 हर्ट्झपासून साइन टोन (एकच शुद्ध सूर) चढवत नेला. मल्टिमीटर वूफरच्या टर्मिनलवर, एसी व्होल्टवर. व्होल्टेज चढतं, उतरतं, पुन्हा चढतं. मधला तळ जिथे, तिथे खोक्याचं ट्यूनिंग. तो तळ 45 हर्ट्झवर निघाला.

मोजटेप लावल्यावर उलगडा झाला. रिकामा खोकाच 50 लिटरचा होता! पोर्ट आणि त्याची 18 मिमीची भिंत मिळून सुमारे 19 लिटर खातात, वूफरचा मागचा भाग 3. उरली 28 लिटर हवा. पोर्ट तोच आणि हवा कमी, की ट्यूनिंग वर सरकतं. ट्यूनिंगच्या खाली पोर्टमधली हवा कोनला धरून ठेवत नाही. अ‍ॅम्पमधला सबसॉनिक फिल्टर, म्हणजे ठरावीक सुराखालचा बेस कापणारा, मात्र 34 च्या हिशेबाने 27 वर होता. 27 ते 45 मधला बेस कोनला मोकाट हलवत होता आणि कॉइल मागे आपटत होती. असे चार दिवस वाजवलं असतं तर वूफर खरंच गेला असता.

नवा खोका 18 मिमी एमडीएफचा (लाकडाच्या भुश्याची दाबलेली फळी), पुढची फळी दुहेरी. आतलं माप 55 बाय 38 बाय 35 सेंमी, म्हणजे 73 लिटर. पोर्ट, वूफर आणि आधाराची पट्टी वजा जाता 50. पोर्ट बाजूने जाऊन मागच्या भिंतीला वळवला. त्याची लांबी मधल्या रेषेवर मोजायची, पुढच्या फळीची जाडीही त्यात धरायची आणि आतल्या तोंडासमोर निदान पोर्टच्या रुंदीइतकी जागा सोडायची. एमडीएफच्या कडेत आधी 3 मिमीचं भोक न पाडता स्क्रू मारला तर फळी उकलते. पकड गोंदाची असते; स्क्रू फक्त तो वाळेपर्यंत दाबून धरतात. सांध्यांना आतून सिलिकॉन लावून एक दिवस पूर्ण वाळू दिलं, कारण ओल्या सिलिकॉनची वाफ कोनचे चिकटवलेले सांधे सोडवू शकते.

पुन्हा मोजलं तेव्हा तळ 33 वर आला. फिल्टर 27 वरच राहिला, ठकठक गेली. खोका डिकीच्या लोखंडी कड्यांना पट्ट्यांनी आवळला. एवढं वजन ब्रेक लागल्यावर पुढच्या सीटवर येता कामा नये.